होळीच्या आदल्या दिवशीचं सॅम्पल

यवतमाळ
२ नोव्हेंबर २०२५

उज्ज्वला,

घरात चारचौघांत तुला वहिनी म्हणते. इथे म्हणत नाही. आर्णीच्या वसतिगृहात आपण एका खोलीत राहिलो, एकाच बादलीत कपडे भिजवले. पुढे तू माझ्या भावाशी, बादल भियाशी लग्न केलंस म्हणून कागदावरही हाक बदलावी असं मला वाटत नाही.

फोन केला की तू "बरी आहे" म्हणतेस आणि फोन तुझ्या आईकडे, याडीकडे देतेस. आमच्या घरच्या कोणाशीच तू बोलत नाहीस, त्यात मीही आले. का, ते विचारत नाही. मला माहीत आहे. हे पत्र वाचून फाडून टाकलंस तरी चालेल, पण वाचून.

काल भिया जिनिंगला कापसाची गाडी घेऊन आला होता. गाड्यांची रांग मोठी होती, म्हणून नंबर लागेपर्यंत माझ्या खोलीवर जेवायला आला. त्याने सांगितलं की तू बाळंतपण तुमच्या तांड्यावरच करायचं ठरवलं आहेस आणि म्हाताऱ्या दाईशी बोलणंही झालं आहे. मी म्हटलं, "तू काय म्हणालास मग?"

"म्या काय म्हणू? यवतमाळले चाल म्हटलं का ते भिंतीकडं तोंड करून झोपते. जोर केला तं जेवत नाही. तूच सांगून पाह्य. नाही तं तुह्यं एवढं शिक्षण कायच्या कामाचं?"

भाकरी त्याने अर्धीच खाल्ली. एवढ्यावरून तू समजून घे.

तुझ्या तपासणीच्या कार्डाचा फोटो त्याने दाखवला. बीपी लागोपाठ दोन्ही वेळा १४०/९० आहे. पायावर सूज आहे असंही तो म्हणाला. तुला सातवा महिना चालू आहे. मागचं बाळ वेळेआधी झालं होतं. या तीन गोष्टी एकत्र आल्या की हेही बाळ लवकर होण्याची शक्यता वाढते. लवकर झालेल्या बाळाला श्वास घेता येत नाही, त्याच्या अंगातली ऊब टिकत नाही. तांड्यावर ऑक्सिजन नाही. आर्णीहून इथपर्यंत यायला लागतो तेवढा वेळ असं बाळ थांबत नाही.

आमच्या दवाखान्यात नवजात बाळांचा विभाग आहे, चोवीस तास डॉक्टर आहेत. इथे बाळ सुरक्षित राहील. नवव्या महिन्याची वाट न पाहता डिसेंबरच्या सुरुवातीलाच माझ्या खोलीवर येऊन राहा. मी बहुतेक वेळ लॅबमध्येच असते, त्यामुळे माझ्याशी बोलावं लागणार नाही.

मागच्या वेळेबद्दल या पत्रात लिहीत नाही. तो वेगळा विषय आहे.

कॅल्शियमच्या गोळ्या भियाकडे दिल्या आहेत. लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नकोस, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेव.

अर्पिता


यवतमाळ
१७ नोव्हेंबर

उज्ज्वला,

तुझं उत्तर आलं नाही. तुझ्या याडीचा फोन मात्र आला. माझं पत्र तू वाचलंस आणि घडी करून उशीखाली ठेवलंस, असं त्या म्हणाल्या. मग रडायला लागल्या. त्यांचं बोलणं जसं ऐकलं तसं लिहिते, म्हणजे मी ऐकण्यात चूक केली असेल तर तू दुरुस्त करशील.

"पोरी, दवाखान्याचं राहू दे. ते काय म्हणते तुले माहीत आहे का? म्हणते, लेकरू झालं का माह्या हाती देऊ नका. लहान बहिणीच्या हाती द्या. दूध वाटीत काढून देईन, पण हात लावणार नाही. म्हणते, माह्या हातानं एक गेलं. आता असं कुठं अस्ते का? माय लेकराले हात लावत नाही, असं तू कधी ऐकलं?"

मी म्हटलं, नाही ऐकलं.

काल रविवार होता म्हणून बाभुळगावला घरी गेले. माझी याडी वावरात होती, कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होती. मीही एक ओळ धरली. दिवसभर चाळीस बाया वेचतील एवढा कापूस फुटला आहे आणि मजूर मिळत नाहीत, त्यामुळे तिचा पारा चढलेलाच होता. तुझा विषय काढल्यावर आणखी चढला. भिया तुझ्या माहेरी राहायला गेल्यापासून ती त्याला घरजावई म्हणते. तुला काय म्हणते ते लिहीत नाही. तू तिच्या तोंडून ऐकलं आहेस.

आता मागच्या वेळचं लिहावंच लागेल.

त्या वेळी माझ्यापर्यंत जे आलं ते असं होतं. बाळ वेळेआधी झालं, इथेच वरच्या विभागात काचेच्या पेटीत ठेवलं, पहिले काही दिवस बरं होतं. मग एकाएकी गार पडलं, दूध पचेना. एका दुपारी सिस्टरला त्याच्या कपाळावर राख दिसली. तू लावली होतीस. डॉक्टर बाहेर येऊन भियाला आणि तुझ्या याडीला म्हणाले, "बाहेरून इन्फेक्शन आलेलं दिसतं. असलं काही आत आणत जाऊ नका." त्या दिवसापासून तुला आत जाऊ दिलं नाही. बाळ गेलं. मला राखेचं कळलं ते सगळं झाल्यावर, घरी. माझी याडी म्हणाली, "अंगारा लावला तिनं." मी समजले की देवळातला अंगारा असेल, पहिल्या दिवसापासून तुझ्या पदराला बांधलेला असेल. कोणी दिवस सांगितला नाही. मीही विचारला नाही.

काल कापूस वेचता वेचता याडी म्हणाली, "अंगारा म्याच धाडला होता. होळीले नातवाच्या धुंडीची पूजा व्हाची होती. पोट्टं काचेत, तांड्यावर आणू कसं? म्हणून होळीची राख पुडीत बांधून बादलजवळ देल्ली. सांगतलं होतं का पेटीच्या काचेले लाव. तिनं पोट्ट्याले काहून लावली?"

मी विचारलं, "कुठल्या होळीची राख?"

"कुठल्या म्हंजे? त्याच होळीची. रातची विझली, सकाळी म्या उचलली. मागच्या सालची राख कोणी लावते का नवसाच्या पोट्ट्याले? लय शिकली बापा तू!"

(ती आपल्या बोलीत बोलली. लिहिताना माझ्याकडून ते असं होतं.)

मी ओटी तिथेच सोडून बांधावर जाऊन बसले. उन्हाने चक्कर आली असं तिला वाटलं.

तुला एकच विचारायचं आहे. तू राख लावलीस तो दिवस धुळवडीचा होता की त्याच्या आधीचा? एका शब्दात कळव. का विचारते ते आत्ता सांगत नाही. खात्री नसलेलं काही तुला सांगायचं नाही, तेवढं तरी मला पाळता आलं पाहिजे.

अर्पिता


यवतमाळ
२९ नोव्हेंबर

उज्ज्वला,

भियाच्या फोनवरून तुझा निरोप आला. "धुळवडीच्या दुपारी." दोन शब्द झाले, पण पुरेसे आहेत.

आता सांगते. ज्या रक्तात जंतू सापडला ते रक्त होळीच्या आदल्या दिवशी काढलेलं होतं.

मला हे नोंद न बघताही आठवतं. आदल्या दिवशी दुपारी तुझ्या बाळाची बाटली लॅबमध्ये आली, तिच्यावर "बेबी ऑफ उज्ज्वला" लिहिलेलं होतं आणि ती मी माझ्या हाताने मशीनमध्ये ठेवली. रक्तात काही वाढायला लागलं की मशीन वाजतं. ते होळीच्या सकाळी वाजलं. बाकीचे सुट्टीवर होते, लॅबमध्ये मी एकटी होते. बाटलीतला थेंब काचपट्टीवर घेऊन पाहिला आणि वरच्या विभागात फोन करून सांगितलं की रक्तात जंतू आहे. तेव्हा आमच्या तांड्यावर होळी पेटायची होती. राख अजून लाकूड होती.

म्हणजे तू बाळाला हात लावलास तेव्हा आजार त्याच्या रक्तात आधीच होता. तुझ्या बोटाने तो गेला नाही, जाऊ शकत नव्हता. याडीच्या पुडीनेही नाही. हे मी धीर द्यायला लिहीत नाही. तारखांचं गणित आहे, कोणीही करून पाहावं.

डॉक्टरांना माझा फोन राख दिसण्याच्या आदल्या दिवशी गेलेला होता. तरी ते "बाहेरून" म्हणाले. विसरले, की तसं म्हणणं सोपं होतं, हे मला माहीत नाही. मी त्यांना काल विचारलं. ते म्हणाले, "मी दिसतं असं म्हणालो होतो, आहे असं नाही." त्यांनी चष्मा पुसला आणि मग म्हणाले, "तुमची वहिनी होती का ती?"

मग कुठून आला? हे लिहायचं की नाही यावर दोन दिवस घालवले. लिहिते.

पोटातून आला नाही, कारण जन्मल्यावर लगेच घेतलेल्या रक्तात काही वाढलं नव्हतं. तो इथे आल्यावर त्याला लागला. इथेच.

त्या जंतूवर कुठलं औषध चालतं ते पाहण्याची पद्धत साधी आहे. एका प्लेटवर जंतू पसरायचा आणि त्यावर औषधांच्या बारीक टिकल्या ठेवायच्या. औषध लागू पडत असेल तर टिकलीभोवती मोकळं वर्तुळ उरतं, नसेल तर जंतू टिकलीच्या कडेपर्यंत वाढतो. तुझ्या बाळाच्या प्लेटवर बहुतेक टिकल्यांभोवती काहीच मोकळं नव्हतं. भारी म्हणून आपण ज्यांच्यावर भिस्त ठेवतो त्यांच्याभोवतीही नाही. एका जुन्या, साध्या औषधाभोवती मात्र मोठं स्वच्छ वर्तुळ होतं. ते औषध नवजात बाळाला देता येत नाही, त्याने कावीळ मेंदूत जाते. ती प्लेट मी विसरले नव्हते.

या महिन्यात तसल्याच तीन प्लेट लागोपाठ आल्या. तीन बाळं, तीन वेगळ्या गावांची, जंतू तोच, आणि वर्तुळ त्याच एका टिकलीभोवती. तीन वेगळ्या घरांतून एकसारखा जंतू येत नाही. मी परवानगी घेऊन विभागातल्या वस्तूंचे नमुने घ्यायला गेले. निकिता तिथली सिस्टर आहे, तुला आठवेल, उंच, सतत बोलणारी.

"या मॅडम, या. तुम्ही आल्या का असं वाटते सासू आली पातेल्याखालचं काळं पाहाले."

मी नळ, काचेच्या आतली बाजू, नळ्या सगळं घेतलं. मग ट्रॉलीवर सलाइनची बाटली दिसली. बुचात सुई तशीच टोचून ठेवलेली होती. बाळाच्या सुईत औषध सोडल्यावर ती नळी धुवायला थोडं सलाइन लागतं. त्या एकाच बाटलीतून सगळ्या बाळांसाठी ते काढत होते, आणि सुई प्रत्येक वेळी काढायला नको म्हणून बुचातच राहत होती.

मी म्हटलं, "हे असं कधीपासून?"

"मी लागली तवापासून असंच हाये. पहिले लहान लहान कुप्या येत, मंग बंद झाल्या. मॅडम, चौदा पोट्टे अन् आम्ही दोघी. एकाले खोकला तं दुसऱ्याले हगवण. दर वेळी नवीन बाटली फोडली तं मले ऑफिसात उभं करतील." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून ती जवळ आली. हळूच म्हणाली, "काहून? बाटलीत हाये काय?"

बाटलीत होता. तोच, त्याच वर्तुळाचा.

तीनपैकी दोन बाळं वाचली. एक गेलं. निकिता स्टोअररूममध्ये बसून रडत होती, मी दार लोटून आले.

आता बाटली बंद आहे. कुप्या पुन्हा आल्या, विभाग रिकामा करून धुतला, मी दर आठवड्याला नमुने घेते. अजून पुन्हा काही सापडलं नाही. मागच्या वर्षीची बाटली माझ्याकडे नाही, म्हणून तुझ्या बाळाला बाटलीतूनच लागलं हे मी सिद्ध करू शकत नाही. प्लेट सारखी दिसली म्हणजे जंतू एकच असतो असंही नाही. पण मला विचारशील तर मला शंका नाही.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, इथे बाळ सुरक्षित राहील. ते वाक्य मागे घेते.

आता माझी अडचण तुझ्या लक्षात आली असेल. तुझ्यावरचा आळ काढायचा तर सांगावं लागतं की आजार आमच्या दवाखान्याने दिला. आणि ते सांगून मी तुला त्याच दवाखान्यात बोलावते आहे. हे न सांगता बोलावलं असतं तर कदाचित आली असतीस, पण हात पदराखाली ठेवून. तसं मला चाललं नसतं.

दोन्हीकडे धोका आहे. इथला मला माहीत आहे, मी रोज मोजते. तांड्यावरचा त्याहून मोठा आहे, कारण तिथे बाळाचा श्वास अडकला तर करण्यासारखं काहीच नाही. दुसऱ्या दवाखान्यात जायचं असेल तर जा, वर्ध्याला, नागपूरला, भिया नेईल, मी रजा काढून येईन. फक्त तांड्यावर नको.

आणि आईच्या हाताबद्दल. तुझ्या कातडीवर जे जंतू आहेत ते बाळाला हवे असतात. ते आधी जागा धरून बसले तर इथल्यासारख्यांना जागा मिळत नाही. आता आम्ही लवकर झालेली बाळं आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधून ठेवतो. हा लाडाचा भाग नाही, उपचार आहे.

पत्र आत्ताच टाकते. सकाळपर्यंत ठेवलं तर त्यातलं काहीतरी खोडेन.

अर्पिता


यवतमाळ
७ डिसेंबर

उज्ज्वला,

तू स्वतः फोन केलास. मी डबा उघडला होता, तो तसाच राहिला.

आपलं बोलणं फार झालं नाही, तरी लिहून ठेवते. तू विचारलंस, "म्हंजे राखेनं नाही झालं?"

"नाही."

"माह्या हातानं नाही?"

"नाही, उज्ज्वला."

मागून तुझ्याकडच्या कोंबड्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, आता तू बोलशील की येते, किंवा म्हणशील की कधीच येणार नाही. दोन्हींची उत्तरं माझ्याजवळ तयार होती. तू म्हणालीस, "मंग त्याले म्या घेतलं असतं तं चाललं असतं?"

मी म्हटलं, लिहून कळवते. तू फोन ठेवलास.

तू कशाबद्दल विचारत होतीस ते मला माहीत आहे. धुळवडीनंतर तुला आत सोडलं नाही. तू दारातल्या काचेला कपाळ लावून उभी राहायचीस, मी लॅबचे रिपोर्ट द्यायला वर आले की दिसायचीस. शेवटी काही करण्यासारखं उरलं नाही तेव्हा निकिताने त्याच्या नळ्या काढल्या, कपड्यात गुंडाळला आणि बाहेर आणून तुझ्यापुढे धरला. म्हणाली, "घे गं बाई, आता घे." तो अजून श्वास घेत होता. तू हात पदराखाली बांधून घेतलेस आणि मागे सरकलीस. भियाने घेतला. तो भियाच्या हातात गेला.

लोक म्हणाले, कशी बाई आहे. मला तेव्हाही तसं वाटलं नव्हतं. मला वाटलं, ती त्याला वाचवते आहे.

उत्तर असं आहे. हो. घेतलं असतं तर चाललं असतं. त्या दिवशी, आणि त्याच्या आधीचे सगळे दिवसही. त्याचा आजार तुझ्या घेण्याने वाढला नसता. तो वाचलाही नसता. पण तुझ्याजवळ गेला असता.

हे वाक्य जरा मऊ करता येईल का म्हणून मी तीन कागद फाडले. मला जे ठाऊक आहे त्यात मऊ काही नाही. तुझ्या डोक्यावरचा आळ काढते आहे एवढंच मला दिसत होतं. त्या आळाच्या आधारावर तू त्याला न घेण्याचं सोसत होतीस, आणि आळ काढला की तो आधारही जाईल, हे तू विचारेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही. मला जंतू कळतात. बाकी मी सावकाश शिकते.

याडीला सगळं सांगितलं, काल जाऊन. राखेचं, रक्ताचं, तारखांचं. पहिल्यांदा म्हणाली, "तू तुह्या मैत्रिणीची बाजू घेऊन राह्यली." मग मी पुन्हा सांगितलं, होळीच्या आधी होळीची राख कुठून येणार. ती चुलीपुढे बसली होती. भाकरी करपली तरी उलटली नाही. आमचे बापू ओरडले तेव्हा म्हणाली, "म्या तिले काय काय बोलली रे." मी म्हटलं, तिला जाऊन सांग. "कोणत्या तोंडानं जाऊ? तू लिहितं ना, त्यात लिहून दे." मी म्हटलं, तुझं तू सांग, मी लिहिणार नाही. पण लिहिलं.

येण्याबद्दल आता काही म्हणत नाही. जे होतं ते सगळं तुला सांगून झालं. तू ठरव.

अर्पिता


यवतमाळ
२४ डिसेंबर

उज्ज्वला,

तू दुसऱ्या मजल्यावर आहेस आणि मी तळमजल्यावर. तरी लिहिते. समोर आल्यावर तू भिंतीकडे तोंड करतेस आणि मी थर्मामीटरबद्दल बोलते. निकिताजवळ हे देईन.

परवा भिया तुला घेऊन आला तेव्हा मी खाली फाटकातच होते. तू मला पाहिलंस की नाही माहीत नाही. गाडीत मागे कापसाचे बोचके तसेच होते, उतरवायला वेळ मिळाला नाही म्हणाला, तू त्यांच्यावर टेकून बसली होतीस. तो सांगत होता, पाणी गेल्यावर दाईनेच तुझ्या पोटावर हात ठेवून म्हटलं, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही, ने. आणि तू म्हणालीस, "अर्पिताकडं चाल." तुझ्या तोंडून माझं नाव त्याने बऱ्याच दिवसांनी ऐकलं असावं, कारण ते त्याने मला दोनदा सांगितलं.

मुलगी एक किलो आठशे आहे. श्वास स्वतः घेते आहे, नाकाला नळी फक्त मदतीला आहे. जन्मल्या जन्मल्या घेतलेल्या रक्ताची बाटली मशीनमध्ये मीच ठेवली. आज सकाळपर्यंत त्यात काही वाढलेलं नाही. यावरून पुढच्या आठवड्याबद्दल काही सांगता येत नाही. तुला ते ठाऊक आहे.

निकिता खाली येऊन तक्रार करून गेली. "मॅडम, तुमच्या वहिनीनं माह्ये हात माह्याच नळाखाली तीनदा धुवाले लावले. वरतून म्हणते, अंगठी काढा. मी म्हटलं, बाई, लग्नाची हाये, निघत नाही. तं म्हणते, साबण लावा, निघते." आणि मग म्हणाली, "निघाली."

दुपारी मुलीला तुझ्या छातीशी बांधलं तेव्हा मी आणि भिया काचेच्या अलीकडे, अर्धवट उघड्या दाराशी उभे होतो. मला आत यायचं काही कारण नव्हतं, म्हणून आले नाही. सुरुवातीला तुझे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर होते, निकिताने उचलून तिच्या पाठीवर ठेवले. मग तू रडायला लागलीस. खूप, आवाज न करता. निकिता रागावली, "पोट्टी झाली म्हणून रडून राह्यली काय? चांगली गोरी गोमटी हाये." तू मान हलवलीस. तू कोणाला धरून रडत होतीस ते मला दिसत होतं.

त्याच वेळी एक नवीन सिस्टर आली, कालच कामावर लागलेली, बाळाच्या कागदावरची राहिलेली माहिती भरायला. तिने भियाला विचारलं, "पहिलंच का?" भियाने तुझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो, पहिलंच लिहा." तुला त्रास नको म्हणून म्हणाला असेल.

तू डोळे पुसले नाहीस. हात मुलीच्या पाठीवरून काढावे लागले असते. तशीच म्हणालीस, "दुसरं लिहा. पहिला पोरगा होता."

अर्पिता